मेट्रनबाई चार्ज घेतात

मेट्रनबाईंना ऐकायची सवय नव्हती असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. चौतीस वर्षं त्यांनी रुग्णालयात काढली होती, आणि कुठल्या खाटेवरचा पेशंट कोणत्या कुशीवर कण्हतोय ते त्यांना जिन्यातून ऐकू यायचं. फक्त माणूस शुद्धीवर येऊन नीट वाक्यं बोलायला लागला की त्यांचा धीर सुटायचा. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्या ते पुरं करून टाकायच्या. बहुतेक वेळा बरोबरही करायच्या, त्यामुळे ही खोड मोडायला कुणाला कारणच मिळालं नाही.

अशा बाई निवृत्त होऊन घरी बसणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण त्या थेट नगराध्यक्षपदाला उभ्या राहतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना तर मुळीच नाही. भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, आणि ‘नाही’ म्हणायला उशीर लागणारे. त्यामुळे ते प्रचारप्रमुख झाले.

भाऊजींना या निवडणुकीत एकच कल्पना सुचली, पण ती चांगली होती. गावातल्या जुन्या छापखान्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काही तरुण मंडळींनी संगणकाच्या छोट्या छोट्या कंपन्या काढल्या होत्या. विरोधी उमेदवार तिथे जाऊन, तंत्रज्ञान आणि नगरपालिका यांचं सहकार्य या विषयावर दीड तास बोलून आले होते. पोरांनी शेवटी टाळ्या वाजवल्या त्या सुटकेच्या होत्या, असं भाऊजींच्या कानावर आलं.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “आपणही तिथेच जायचं. पण आपण बोलायचं नाही. आपण ऐकायचं.”

“किती वेळ?”

“अकरा ते एक.”

मेट्रनबाईंनी भाऊजींकडे असं पाहिलं की त्यांनी जणू दोन दिवसांचा उपासच सांगितला होता. पण त्या कबूल झाल्या.

कबूल झाल्या त्याचं कारण निवडणूक नव्हतं. कारण वेगळंच होतं, आणि ते त्यांनी भाऊजींनाही सांगितलं नव्हतं. छापखान्याच्या इमारतीचा मालक खाली तळमजल्यावर ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायचा. सोमवारी मेट्रनबाई तिथे साडी आणायला गेल्या, तेव्हा त्याने पावती फाडता फाडता सहज म्हटलं, “सूनबाई जागा सोडतायत ना. शनिवारी टेम्पो येणार म्हणाल्या. चांगले भाडेकरू मिळत नाहीत हो हल्ली.”

“हो तर,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना यातलं काहीएक माहीत नव्हतं.

सूनबाईंची कंपनी त्याच दुसऱ्या मजल्यावर होती. तिघांची कंपनी. ती काय करते असं कुणी विचारलं तर मेट्रनबाई “फ्रिजचं काहीतरी” असं सांगायच्या. टेम्पो येणार म्हणजे कंपनी जाणार. कंपनी जाणार म्हणजे सून जाणार, सुनेबरोबर मुलगा जाणार, आणि सात वर्षांची नात, जी शाळेतून आली की दप्तर आईच्या खोलीत आणि स्वतः आजीच्या खोलीत टाकायची, तीही जाणार.

त्यांनी मुलाला विचारून पाहिलं. तो भांडी घासत होता. “आई, ते तू तिलाच विचार,” एवढं म्हणून त्याने एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

तिलाच विचार. म्हणायला काय जातं. सासू-सुनेचं बारा वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि दोघींनाही त्याचा अभिमान होता. भांडण होण्याइतकं बोलणंच कधी झालं नव्हतं, हे मात्र दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही असा एक अलिखित करार होता, आणि मेट्रनबाई करार पाळणाऱ्या होत्या. म्हणून त्या सोमवार, मंगळवार, बुधवार गप्प राहिल्या आणि गुरुवारी उमेदवार म्हणून सुनेच्या कचेरीत निघाल्या.

खोली मोठी होती. छपाईची यंत्रं कधीच गेली होती, पण ती जिथे उभी असायची तिथे फरशीवर चौकोनी काळे डाग राहिले होते आणि त्या डागांवरच आता टेबलं मांडली होती. जमिनीवरून वायरी धावत होत्या, त्यांवर कुणीतरी चिकटपट्ट्या मारल्या होत्या. मधल्या पार्टिशनच्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या, म्हणजे एका कंपनीत शिंकलं तर चारही कंपन्यांत ऐकू जात असणार. आज टेबलं भिंतीला लावून मधे खुर्च्यांचा गोल केला होता. गोलात चार कंपन्यांचे चार जण आणि मेट्रनबाई, आणि मागे त्यांच्याकडे काम करणारी वीसेक मंडळी. भाऊजी दाराजवळ उभे राहिले. तिथून त्यांना वहिनींना खुणा करता येणार होत्या.

सूनबाई मेट्रनबाईंच्या डाव्या हाताला बसली होती. सकाळी एकाच टेबलावर दोघींनी चहा घेतला होता, पण आता ती म्हणाली, “नमस्कार, मॅडम.” मेट्रनबाईही म्हणाल्या, “नमस्कार.” मागे कुणाला तरी हसू आवरलं नाही.

सुरुवातीचा अर्धा तास नुसता गोंधळ होता. विषय सहकार्याचा होता आणि चौघांपैकी तिघं एकदमच बोलत होते. एकाचं नाव त्या मजल्यावर नकाशेवाला असं पडलं होतं, कारण तो गावाचे नकाशे करायचा, कचऱ्याच्या गाड्यांनी कुठून कसं जावं ते सांगणारे. दुसरा ड्रोनवाला. तो छपरांवरच्या पाण्याच्या टाक्यांचे वरून फोटो काढून गळती शोधायचा. तिसरी एक तरतरीत मुलगी, तिला सगळे वाचकबाई म्हणायचे. तिने केलेलं सॉफ्टवेअर सरकारी पत्रं आणि बिलं मोठ्याने वाचून दाखवायचं, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी. तिघंही हुशार, तिघांचाही जीव कामात, आणि तिघांनाही एकच तक्रार होती की आपलं कुणी ऐकून घेत नाही. ही तक्रार ते एकमेकांच्या बोलण्यावर बोलून मांडत होते.

सूनबाई एकेकाचं ऐकत होती. मांडीवर हात ठेवून बसली होती.

मेट्रनबाईंनी दहा मिनिटं सहन केलं, अर्धा तास सहन केलं. मग त्यांनी पाण्याची स्टीलची बाटली खुर्चीच्या दांडीवर दोनदा वाजवली. वॉर्डात याच आवाजाने नातेवाइकांची गर्दी हटायची. इथेही हटली.

“बास,” त्या म्हणाल्या. “मी ऐकायला आले आहे, पण इथे ऐकण्यासारखं काही ऐकू येत नाही. आता आमच्या पद्धतीने करू या.”

भाऊजींनी दारातून ओठांवर बोट ठेवलं. मेट्रनबाईंनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

“रुग्णालयात ड्युटी बदलते तेव्हा चार्ज द्यायचा असतो. जाणारी सिस्टर प्रत्येक खाटेपाशी उभी राहून सांगते, याला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय. येणारी सिस्टर ऐकते, आणि ऐकलेलं सगळं तिला परत सांगते. आपल्या मनाचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. जाणारी ‘बरोबर’ म्हणाली की चार्ज बदलला. ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग बस चुको नाही तर घरी दूध उतू जावो. कळलं?”

“म्हणजे याचं बोलणं मी सांगायचं?” ड्रोनवाल्याने नकाशेवाल्याकडे बोट दाखवलं.

“याचं तू, तुझं हिने. गोल फिरत जायचं. आणि ‘बरोबर’ मिळाल्याशिवाय स्वतःचं सुरू करायचं नाही.”

नकाशेवाला पाच मिनिटं बोलला. तो थांबल्यावर ड्रोनवाला म्हणाला, “हे नकाशे काढतात.”

“अरे, तीन वर्षं झाली मला,” नकाशेवाला म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “नकाशे काढतात काय? शाळेत भूगोलाच्या वहीत काढतात ते.”

“बरोबर नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पुन्हा.”

दुसऱ्या वेळी नकाशेवाला सावकाश बोलला आणि ड्रोनवाला खरंच ऐकू लागला. ऐकता ऐकता तो पुढे सरकला. परत सांगायला लागला तेव्हा मधेच अडखळला. “यांना गल्ल्यांची रुंदी मोजायची असते. त्यासाठी हे आणि यांची दोन माणसं सहा महिने टेप घेऊन पायी फिरतायत. अजून निम्मं गाव राहिलंय, आणि… आणि वरून काढलेले फोटो यांना कुठे मिळत नाहीत.”

“बरोबर,” नकाशेवाला म्हणाला.

ड्रोनवाल्याने मान खाली घातली. “माझ्याकडे आहेत. अख्ख्या गावाचे. टाक्यांचं बघून झालं की मला त्यांचं काही काम नसतं. दोन वर्षं नुसते पडून आहेत.”

दोघांच्या टेबलांमध्ये ती छतापर्यंत न पोचणारी एक भिंत होती, बस्स. नकाशेवाल्याने आपल्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं आणि तो असा हसायला लागला की त्याला थांबवायला पाणी द्यावं लागलं.

यापुढची पाळी ड्रोनवाल्याची. तो टाक्यांबद्दल बोलला, गळतीबद्दल बोलला, आणि शेवटी जरा लाजत म्हणाला, “आणि सहकार्य म्हणाल तर त्यासाठी मी एक ॲप केलंय. या मजल्यावर कुणाला काय पाहिजे, कुणाकडे काय आहे, ते त्यात टाकायचं. चार महिने लागले करायला.”

वाचकबाईने त्याचं सगळं नीट परत सांगितलं. ॲपपाशी आल्यावर ती थांबली. “हे मी पण केलंय,” ती म्हणाली. “अगदी हेच.”

नकाशेवाल्याने हळूच हात वर केला. “माझंही आहे एक.”

“तुमचं किती जण वापरतात?” मेट्रनबाईंनी ड्रोनवाल्याला विचारलं.

“सध्या मीच.”

“आणि तुझं?”

“मी,” वाचकबाई म्हणाली.

नकाशेवाल्याला विचारायची गरज पडली नाही. एकाच मजल्यावर, एकाच पाण्याच्या फिल्टरचं पाणी पिऊन, तिघांनी एकमेकांना न सांगता सहकार्याची तीन ॲप्स केली होती आणि प्रत्येक जण आपल्या ॲपमध्ये एकटाच बसून होता. मागची वीसेक मंडळी आता हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. मेट्रनबाईंनाही फार दिवसांनी इतकं हसू आलं. शनिवारचा टेम्पो त्या घटकाभर विसरल्या. भाऊजी तर दारातल्या दारात खुशीत आले होते. सभा इतकी रंगलेली त्यांनी या निवडणुकीत पाहिली नव्हती.

वाचकबाईचं बोलणं झालं. ते सूनबाईने परत सांगितलं, पहिल्याच खेपेत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. “बरोबर,” वाचकबाई म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की ते तिच्या तोंडावर दिसलं.

मग सूनबाई स्वतःचं बोलायला लागली, आणि तेव्हा मेट्रनबाईंच्या ध्यानात आलं. जन्मभर खाटा मोजलेल्या बाईने आज खुर्च्या मोजल्या नव्हत्या. गोल फिरत फिरत सुनेनंतरची खुर्ची त्यांचीच होती. सुनेचं बोलणं त्यांनीच परत सांगायचं होतं.

“आम्ही तिघं आहोत,” सूनबाई म्हणाली. ती सगळ्यांकडे बघून बोलत होती, एक खुर्ची सोडून. “लसी थंड ठेवाव्या लागतात. फ्रिज बंद पडला, वीज गेली, दार उघडं राहिलं, की आत काय झालं ते कुणीतरी दार उघडेपर्यंत कळत नाही. आमचं यंत्र काडेपेटीएवढं आहे. ते फ्रिजमध्ये ठेवायचं. आत गरम व्हायला लागलं की ड्युटीवरच्या सिस्टरच्या फोनवर लगेच कळतं. ही कल्पना माझी नाही. आमच्या घरी एक नर्स आहेत. चार वर्षांपूर्वी जेवताना त्या सांगत होत्या की त्यांच्या वॉर्डातल्या लसींचा अख्खा फ्रिज एकदा फेकून द्यावा लागला, आणि बाहेर बायका लहान लहान पोरं घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांना परत पाठवताना यांना रडू आलं. त्यांना आठवत नसेल. मी त्या रात्री पहिलं चित्र काढलं.”

मेट्रनबाईंना आठवत होतं. रांग आठवत होती, त्यातली एक पिवळ्या झबल्यातली मुलगीसुद्धा आठवत होती. आपण हे जेवताना कुणाला सांगितलं होतं, हे मात्र आठवत नव्हतं.

“इथल्या रुग्णालयात चाचणी करायची परवानगी मागितली,” सूनबाई पुढे म्हणाली. “त्याला अठरा महिने झाले. कचेरीत गेलं की सांगतात, एक अभिप्राय यायचाय. कुणाचा ते सांगत नाहीत, माझ्याकडे बघतच नाहीत. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाने दोन आठवड्यांत हो म्हटलं. ते तीनशे किलोमीटरवर आहे. म्हणून आम्ही शनिवारी जातोय. मला सहकार्य म्हणून मोठं काही नको होतं. नाही म्हणायचं असेल तर कुणीतरी नाही म्हणावं, एवढंच.”

ती थांबली. खोलीतल्या सगळ्यांच्या माना मेट्रनबाईंकडे वळल्या.

“यांची तिघांची कंपनी आहे,” मेट्रनबाईंनी सुरुवात केली. आवाज ठीक होता. “लसींच्या फ्रिजमध्ये ठेवायचं यंत्र करतात, काडेपेटीएवढं. फ्रिज गरम झाला की सिस्टरला फोनवर कळतं. पण मुळात दाराचं रबर वेळच्या वेळी बदललं तर निम्मा त्रास…”

“मॅडम, रबराचं मी बोलले नाही,” सूनबाई म्हणाली.

हशा पिकला. मेट्रनबाईंना मात्र एकदम घरातला एक प्रसंग आठवला. महिन्यापूर्वी सून त्यांच्या खोलीत आली होती, दारात उभी राहून म्हणाली होती, आई, कंपनीबद्दल जरा बोलायचं होतं. आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, बरी आलीस, आपल्या फ्रिजचं दार नीट लागत नाही, तेवढं बघ. सुनेने दार बघितलं होतं. रबर बदललं होतं. त्यानंतरही ती दोनदा आली होती. एकदा त्यांनी तिला पत्रकांचे गठ्ठे मोजायला बसवलं, एकदा नातीच्या दाताबद्दल सांगितलं. तीनदा आली होती सून सांगायला.

“पुन्हा सांगते,” त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी रांग सांगितली, बायका सांगितल्या, परत पाठवणं सांगितलं, शनिवार सांगितला, तीनशे किलोमीटर सांगितले. ते शब्द तोंडातून काढताना त्यांना मधे थांबावं लागलं, पण त्यांनी काढले.

“एक राहिलं,” सूनबाई हळूच म्हणाली. “अर्जाचं.”

राहिलं नव्हतं. मेट्रनबाईंनी ते गाळलं होतं, कारण सुनेने अठरा महिने म्हटल्याबरोबर त्यांना तो कागद दिसला होता. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. टेबलावर फाइल आली, वर सुनेच्या कंपनीचं नाव. रुग्णालयात कुठलंही नवं यंत्र आणायचं तर मेट्रनचा अभिप्राय लागतोच. मेट्रनबाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्यांनी वरच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: सदर कंपनी माझ्या सुनेची असल्याने मी अभिप्राय देणे उचित नाही. खाली सही. पेनाला टोपण लावताना त्यांना स्वतःचा किती अभिमान वाटला होता. प्रचारसभेत हा किस्सा त्या नावं न घेता सांगायच्या, आणि लोक टाळ्या वाजवायचे. घरच्या माणसालाही ज्यांनी झुकतं माप दिलं नाही अशा आपल्या उमेदवार, असं भाऊजींनी पत्रकातसुद्धा छापलं होतं.

“अर्जाला अठरा महिने झाले,” मेट्रनबाई म्हणाल्या. “एक अभिप्राय यायचाय असं सांगतात. कुणाचा ते सांगत नाहीत. नाही म्हणायचं असेल तर कुणीतरी नाही म्हणावं, एवढंच यांचं मागणं आहे.”

“बरोबर,” सूनबाई म्हणाली.

इथे सभा संपू शकली असती. भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं, एक वाजत आला होता, आणि ते आभार मानायला पुढे सरकलेही. पण मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या.

“आता मला चार्ज द्यायचाय,” त्या म्हणाल्या. “तो अभिप्राय माझा. मेट्रनचा. फाइल माझ्याकडे आली होती. सुनेची कंपनी आहे म्हणून मी हात लावला नाही, तसं लिहून मोकळी झाले. मला वाटलं, केवढं सरळ वागले मी. गावभर सांगत सुटले.”

भाऊजींनी दारातून दोन्ही हात हलवले, मग एका हाताने तोंड झाकलं, मग कपाळाला हात लावून ते उंबऱ्यावरच बसले.

“मी देणार नाही, एवढं लिहिलं. पण मग कोण देणार ते लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात कागद दिला नाही. तीन आठवड्यांनी मी निवृत्त झाले आणि तो माझ्या नावावर तिथेच राहिला. माझ्या मागून आलेल्या मेट्रनला वाटत असेल, यात हात घालू नये, सासू-सुनेचं काहीतरी आहे. कारकून तुझ्याकडे बघत नाही तो म्हणूनच.” त्या आता सगळ्यांशी बोलत नव्हत्या. “चौतीस वर्षांत मी एक खाट चार्ज न देता सोडली नाही, गं. एक नाही. आणि तुझा कागद सोडून आले.”

मेट्रनबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

पहिला बोलला तो ड्रोनवाला. “मॅडम, आमचाही एक अर्ज नगरपालिकेत आहे,” तो म्हणाला. “तो कुणाच्या सुनेचा आहे म्हणून अडलाय ते कळेल का?”

सगळे एकदम हसले, आणि सगळ्यांच्या आधी मेट्रनबाई. त्या हसण्यातून खोली जरा मोकळी झाली. नकाशेवाला म्हणाला, उद्या सकाळी दहाला आपण चौघं मिळूनच नव्या मेट्रनकडे जाऊ, एकाचं काम दुसऱ्याने सांगायचं, आजच्यासारखं. वाचकबाई म्हणाली, सूनबाईंचं मी सांगते, मला पाठ झालंय. भाऊजी उंबऱ्यावरून उठले आणि म्हणाले, वहिनीही येतील.

“वहिनी येणार नाहीत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मी आले तर पुन्हा तेच होईल. मी फक्त आत्ता घरी जाऊन एक पत्र लिहिते, की हा कागद माझ्याकडे अडकला होता, चूक माझी, तो आता तुमच्याकडे घ्या. यंत्र चांगलं की वाईट, ते त्यांनी बघावं. आणि त्या पत्राची प्रत प्रचाराच्या फलकावर लावा, भाऊजी.”

“फलकावर?”

“पत्रकात छापलं होतंत ना? मग फलकावर.”

भाऊजींना ‘नाही’ म्हणायला उशीर लागायचा, तो आजही लागला.

सूनबाई अजून खुर्चीतच होती. मांडीवरचे हात तिने आता एकमेकांत घट्ट धरले होते. मेट्रनबाई खाली बसल्या तशी ती त्यांच्याकडे वळली, आज पहिल्यांदाच सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत.

“चार्ज घ्यायचा राहिलाय माझा,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाईंनी माझ्यावर मेहेरबानी झाली असं कुणी म्हणू नये म्हणून फाइल उघडली नाही. पुढे कुणाकडे द्यायची ते लिहायचं राहून गेलं. त्यांना हे आज, आत्ता कळलं. कळल्यावर त्यांनी ते लपवलं नाही. निवडणूक दहा दिवसांवर असताना वीस जणांसमोर सांगितलं.”

“बरोबर,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“आणि आम्ही जाऊ नये असं त्यांना वाटतं. सोमवारपासून वाटतंय. ड्रायक्लीनरने मला सांगितलं, तुमच्या सासूबाई साडी दुकानातच विसरून गेल्या.”

“हे मी बोलले नव्हते,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“नाही बोललात. बरोबर आहे की नाही, आई?”

सुनेचं हे वाक्य मेट्रनबाईंना अर्ध्यावर पुरं करता आलं नव्हतं. ते तिने स्वतःच पुरं केलं होतं आणि आता ती थांबून राहिली होती, ‘बरोबर’ मिळेपर्यंत न हलणाऱ्या सिस्टरसारखी.

“बरोबर,” त्या म्हणाल्या.

सूनबाईने फोन काढला आणि सगळ्यांसमोरच टेम्पोवाल्याला लावला. “शनिवारचं राहू द्या,” ती त्याला म्हणाली. “नाही, रद्द नाही म्हणत मी. तिथल्या लोकांकडे महिनाभराची मुदत मागते. इथून हो आलं तर जात नाही, नाही आलं तर जाते. पण या वेळी काहीतरी नक्की येईल.”

यावर मेट्रनबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. महिना कशाला, नव्या मेट्रनला मी ओळखते, ती मुळात माझ्या हाताखाली शिकलेली. नातीची परीक्षा, मुलाची नोकरी, आणि पुन्हा एकदा ते दाराचं रबर. सगळं जिभेवर आलं होतं. त्या गप्प बसल्या आणि सून टेम्पोवाल्याशी काय बोलते ते शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.